'हळूहळू सवय होईल' : ऑटिझम, आवाज आणि मेंदूची गाळणी

निळीशाई:
गणपती तोंडावर आले की पालकांचे फोन सुरू होतात. सोसायटीशेजारच्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव लागलेला असतो, पोरगं कान गच्च दाबून पलंगाखाली शिरलेलं असतं, आणि घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणत असतं, "रोज खाली घेऊन जा त्याला. हळूहळू सवय होईल." मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी. बहुतेक काम ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांबरोबर. या एका वाक्यावर कधीतरी धागा काढायचाच होता. कारण सवय होणं, हेच तर यातल्या कित्येक मुलांच्या मेंदूला जड जातं.

सवय होते म्हणजे काय होतं? एकच आवाज पुन्हा पुन्हा आला आणि त्यातून बरंवाईट काहीच घडलं नाही, की मेंदू त्याला द्यायचा प्रतिसाद कमी करत जातो. डोक्याला इलेक्ट्रोड लावून अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन 'टक' ऐकवले तर बहुतेकांच्या मेंदूत दुसऱ्या 'टक'ची लाट पहिलीपेक्षा लहान उमटते. त्यासाठी लक्ष देऊन काही करावं लागत नाही, आपोआप होतं. ऑटिझममध्ये या ठरावीक चाचणीचे निकाल उलटसुलट आलेले आहेत हे आधीच सांगून टाकते, नाहीतर इथले अभ्यासू लोक मला पकडतील.

त्यापेक्षा बोलकं काम लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शुलामाइट ग्रीन यांच्या गटाने केलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी मुलांना एमआरआयमध्ये झोपवून रहदारीचा आवाज ऐकवला आणि हाताला खरखरीत लोकरी कापड घासलं. कधी एक, कधी दोन्ही एकदम. इतर मुलांच्या मेंदूतला ॲमिग्डला, म्हणजे धोका ओळखणारा भाग, सुरुवातीला जागा झाला आणि मग निवला. ऑटिझम असलेल्या ज्या मुलांना संवेदनांचा त्रास जास्त होता, त्यांच्यात तो निवतच नव्हता. शेवटच्या वेळीही पहिल्यासारखाच. आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट: ऑटिझम आहे पण असा त्रास नाही, अशीही मुलं त्या प्रयोगात होती. त्यांच्यात कपाळामागचा भाग ॲमिग्डलाला आवरताना दिसला. म्हणजे सरसकट सगळ्यांना लागू होईल असं काही नाही. शेजारच्या बाईंचा मुलगा मिरवणुकीत नाचतो म्हणून तुमचाही नाचेल, हे गणित चुकतं ते इथे.

आता गाळणीकडे. वास सोडला तर बाकी सगळ्या संवेदना मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमसमधून वर जातात. त्याभोवती पेशींचं एक पातळ कवच असतं, रेटिक्युलर न्यूक्लियस. या पेशी गाबा नावाचं रसायन सोडून थॅलॅमसला दाबतात, म्हणजे काय वर जाऊ द्यायचं आणि काय नाही यावर त्यांचा हात असतो. ही कल्पना १९८४ साली मांडली फ्रान्सिस क्रिकने. हो, तोच, डीएनएवाला. पुढे २०१६ मध्ये ग्वोपिंग फेंग आणि मायकल हालासा यांच्या गटांनी उंदरांमधला पीटीसीएचडी१ हा जनुक काढून पाहिला. बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेल्यांपैकी सुमारे १ टक्का लोकांमध्ये याच जनुकात बिघाड सापडतो. त्या उंदरांच्या या कवचातल्या पेशी नीट काम करेनात, उंदीर अस्वस्थ झाले, त्यांचं लक्ष पटकन उडायला लागलं. उंदीर म्हणजे मूल नव्हे, आणि १ टक्का म्हणजे सगळे नव्हेत. पण गाळणी कुठे सैल पडू शकते याचा एक पत्ता तरी सापडला.

प्रश्न विचारा. जमेल तशी उत्तरं देते.

चिंचबोर:
ताई, धाग्याबद्दल खूप आभार. माझा मुलगा पाच वर्षांचा. मिक्सर लावला की किंचाळतो, अगदी गॅलरीत जाऊन उभा राहतो. पण स्वतः मात्र स्टीलची ताटं फरशीवर आपटत तासन् तास बसतो, आणि तो आवाज मिक्सरपेक्षा काय कमी असतो? सासूबाई म्हणतात नाटकं आहेत. शिवाय नावाने हाक मारली तर ढुंकून बघत नाही, बिस्किटाचा पुडा फोडला की दुसऱ्या खोलीतून पळत येतो. बेरा टेस्ट झाली, कान उत्तम. मग हे आहे तरी काय?

ठसका:
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आम्ही सहा भावंडं चाळीत वाढलो. भिंतीपलीकडे लेथ मशीन चालायचं. कुणी कान दाबले नाहीत. हल्ली प्रत्येक गोष्टीला नाव द्यायचं आणि मग त्यावर दुकान उघडायचं. पोरांना जरा टणक होऊ द्या.

निळीशाई:
@ठसका काका, दुकानांबद्दल माझंही मत तुमच्याहून फार वेगळं नाही, त्यावर पुढे बोलूच. पण 'हल्ली'चं म्हणाल तर हे १९४३ सालचं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला आणि तिथून ऑटिझमची वैद्यकीय नोंद सुरू झाली. त्यात ही मुलं व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, गॅसची शेगडी, अंडं फेटायचं यंत्र, कधी कधी नुसत्या वाऱ्यालाही भेदरतात असं लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे निदानाच्या निकषांत संवेदनांचा मुद्दा यायला २०१३ साल उजाडलं, डीएसएम या मानसिक निदानाच्या अमेरिकन पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत. सत्तर वर्षं आया सांगत होत्या आणि पुस्तक ऐकत नव्हतं.

@चिंचबोर, तुमचं उत्तरही त्याच लेखात दडलंय. कॅनरना तेव्हाच दिसलं होतं की ज्या आवाजाला मूल घाबरतं, तेवढाच मोठा आवाज ते स्वतः मजेत करतं. त्यांनी त्याचा अर्थ लावला की बाहेरचा आवाज मुलाच्या एकटेपणात घुसतो. आज आपण तो वेगळा लावू. ताट आपटायच्या आधी मेंदूला माहीत असतं की आता हात खाली जाणार आणि खण्ण वाजणार. स्वतःच्या हालचालीतून येणारा आवाज मेंदू आधीच वजा करून ठेवतो. मिक्सर मात्र तुम्ही लावता. कधी लागणार, किती वेळ चालणार, मध्येच थांबून पुन्हा घरघरणार का, त्याला काहीच ठाऊक नसतं. एलिझाबेथ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिझममध्ये आधीच्या अनुभवावरून अंदाज बांधायचा भागच हलका पडत असावा, त्यामुळे प्रत्येक वेळी जग कोरं, पहिल्यांदा आल्यासारखं येतं. ही उपपत्ती आहे, सिद्धांत म्हणून शिक्कामोर्तब झालेलं नाही. पण घरात वापरून बघण्यासारखी आहे. मिक्सरचं बटण त्याच्या बोटाने दाबून बघा. आधी रिकामं भांडं, एक सेकंद, मग बंद. नको म्हणाला तर तिथेच सोडून द्या.

हाक आणि बिस्किटाचा पुडा: कान दोन्ही वेळा ऐकतात. टीव्ही, पंखा, कुकर, रस्ता या सगळ्यातून 'तुझं नाव' हा आवाज उचलून वर काढायचं काम त्याला जमत नाही. पुड्याचा आवाज मात्र पक्का ओळखीचा आणि कामाचा. एकाच मुलात कुठे संवेदना अति, कुठे कमी, असं दोन्ही असतं. सासूबाईंना हे दाखवून देता येईल, पण त्यांच्यावर चिडू नका. नाटक वाटावं असंच ते दिसतं.

उत्तररात्र:
मी मुलगा नाही, चाळिशीतला माणूस आहे. निदान फार उशिरा झालं. आतून कसं असतं ते लिहितो, कारण अशा धाग्यांवर पालक आणि डॉक्टरच बोलतात.

हॉटेलात चौघं बसलो तर समोरच्याचं बोलणं, मागच्या टेबलावरचं बोलणं, किचनमधल्या ताटल्या, एसीची घरघर, सगळं सारख्याच महत्त्वाचं होऊन येतं. मोठं नव्हे, सारखं. त्यातून समोरच्याचं वाक्य हाताने वेचावं लागतं. अर्ध्या तासाने मी बोलणं बंद करतो आणि लोकांना वाटतं माणूस शिष्ट आहे. जुन्या ऑफिसात चोक असलेल्या ट्यूबलाइट होत्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. बहुतेकांना कळतही नाही. मला संध्याकाळपर्यंत मळमळायचं. एलईडी पॅनल बसवल्यावर थांबलं.

पण 'गाळणी सैल', 'बिघाड' हे शब्द मला खटकतात. लंडनच्या ॲना रेमिंग्टन आणि जेक फेअरनी यांचा २०१७चा प्रयोग बघा. मुख्य काम करता करता मागे वाजणारा जादा आवाज ऑटिस्टिक लोकांनी इतरांपेक्षा जास्त पकडला, आणि मुख्य काम बिघडलं नाही. म्हणजे एका वेळी जास्त माहिती घ्यायची क्षमता आहे. अंगावर येते ती तीच क्षमता, जागा चुकली की. आमच्या टीममध्ये सर्व्हरचा पंखा खराब होतोय हे डॅशबोर्डच्या आधी मला कळायचं.

निळीशाई:
@उत्तररात्र, मान्य. 'बिघाड' मी उंदराच्या जनुकाबद्दल लिहिलं, माणसांबद्दल नाही, पण वाचताना ते सांडतंच. लिहीत राहा इथे.

कोकमसार:
रत्नागिरीहून. मुलगी सहा वर्षांची. आम्हाला एका ठिकाणी वजनदार जॅकेट, अंगावर ब्रश फिरवायचा प्रोग्राम आणि हेडफोनवर खास संगीत ऐकवायचा कोर्स असं पॅकेज सांगितलं. रक्कम ऐकून घाम फुटला. जॅकेट तर त्यांच्याकडूनच घ्यायचं. निळीशाई ताई, धंदा तुमचाच आहे, तरी खरं सांगा. यातलं चालतं काय?

निळीशाई:
धंदा माझाच आहे म्हणूनच सविस्तर सांगते.

अशी पॅकेजं ज्या नावाखाली विकतात ते सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे खेळ-हालचालींतून मेंदूला संवेदनांची सांगड घालायला मदत करणं. ही कल्पना अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टची, त्यांचं मुख्य पुस्तक १९७२चं. झोके, बोगदे, चढणं-उतरणं, खोल दाब, हे सगळं तिथून आलं. २०१४ मध्ये अमेरिकेत ३२ मुलांवर झालेल्या एका चाचणीत पालकांनी ठरवलेल्या उद्दिष्टांत फरक दिसला, आणि आमच्या क्षेत्रात पेढे वाटायचेच बाकी राहिले. मग ब्रिटनमध्ये १३८ मुलांची मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला: नेहमीच्या सेवेपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. आमच्या परिषदांत या दुसऱ्या चाचणीबद्दल लोक हळू आवाजात बोलतात. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तर २०१२ मध्येच सांगितलं होतं की वापरायचं तर मर्यादित काळ वापरा, नेमकं काय बदलायचंय ते आधी लिहा आणि बदलतंय का ते तपासा. मला हे एकदम पटतं. "दोन महिन्यांत ती शाळेच्या बसमध्ये कान न दाबता बसेल का?" असं विचारा. "संवेदना संतुलित होतील" या उत्तरावर पैसे देऊ नका.

वजनदार जॅकेटच्याच जातीची वजनदार गोधडी: २०१४ची चाचणी आहे, झोप वाढली नाही. पण मुलांना आणि आईबापांना ती साध्या गोधडीपेक्षा आवडली. आवडली तर वापरा, झोपेचं औषध म्हणून नको, आणि मुलीला स्वतःहून बाजूला सारता येईल एवढीच जड हवी. हेडफोनवरच्या संगीताचे कोर्स: वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०११ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या, आधार म्हणावा असं काही सापडलं नाही. सरळ नाही म्हणा. ब्रशबद्दल माझं मत वाईट आहे, एवढंच लिहिते.

पैशांचं: जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांसाठीचं सरकारी लवकर-उपचार केंद्र असतं, शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना बघा, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा. प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही ऑटिझमची तीव्रता मोजणारी जी चाचणी होते त्यात संवेदनांचा वेगळा विभाग आहे, तिथे सगळं सांगा. आया तिथे "तेवढं काही नाही हो" म्हणून मोकळ्या होतात.

ठसका:
हे ब्रश-जॅकेटचं वाचून माझं म्हणणं थोडं खरंच ठरलं की. बाकी उत्तररात्र यांचं वाचलं. हॉटेलात गप्प बसणारा आमचा एक मित्र होता. असो.

शाळामास्तर:
जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षकी. आमच्याकडं घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. दुसरीतला एक पोरगा घंटा झाली की वर्गातून सुसाट पळायचा, दोनदा रस्त्यापर्यंत गेला. बापाला बोलावलं, त्यानं पोराला दोन ठेवून दिल्या. उपयोग शून्य.

मग मी घंटेचं काम त्यालाच दिलं. पहिल्या दिवशी लोखंडी दांडा हातात घेऊन नुसता उभा. मी घड्याळ दाखवलं, काटा इथं आला की एक. त्यानं इतका हळू मारला की ओट्यावरच्या पोरांनासुद्धा ऐकू गेला नाही. आता बरोबर वेळेवर मारतो, माझं घड्याळ मागं असलं तर मला सांगतो. पळणं बंद. ताईंनी वर मिक्सरचं लिहिलंय ते वाचून लक्षात आलं, हे असं का झालं असावं ते. मला तेव्हा एवढंच वाटलं होतं की ज्याच्या हातात घंटा तो घंटेला भिणार नाही.

पत्र्यावर पाऊस वाजतो त्याला मात्र माझ्याकडं इलाज नाही. तेव्हा तो खिचडीच्या खोलीत मावशींजवळ बसतो, तिथं स्लॅब आहे.

निळीशाई:
मास्तर, हे मी माझ्या विद्यार्थिनींना वाचून दाखवणार आहे.

लांबचा_पल्ला:
मेलबर्नहून. इथे एका मोठ्या सुपरमार्केट साखळीने २०१७ पासून आठवड्यात ठरलेल्या वेळी 'क्वाएट अवर' सुरू केला. दिवे मंद, रेडिओ बंद, काउंटरचा बीप हळू. आमचा लेक तेवढ्याच वेळात दुकानात येतो. बाकी वेळी माझी बायको गाडीत त्याच्याबरोबर बसते आणि मी टोमॅटो चुकीचे आणतो.

चिंचबोर:
आवाजावरच बोलतोय म्हणून स्पर्शाचंही विचारते. न्हाव्याकडे नेणं म्हणजे युद्ध. मशीनचा आवाज समजू शकते, पण कात्रीनेही तेच. आणि शर्टाच्या मागचं लेबल कापल्याशिवाय घालत नाही. पण घट्ट मिठी मारलेली आवडते. हे पण थॅलॅमसच का?

निळीशाई:
इथे गोष्ट जरा रंगतदार आहे. आपण सगळे मेंदू मेंदू करत असतो, पण २०१६ मध्ये हार्वर्डमध्ये लॉरेन ओरेफिचे आणि डेव्हिड गिंटी यांनी दाखवलं की ऑटिझमशी जोडलेले काही जनुक उंदरांच्या फक्त त्वचेकडून येणाऱ्या मज्जापेशींतून काढले, मेंदू तसाच ठेवला, तरी उंदीर हलक्या स्पर्शाला दचकू लागले. एवढंच नाही, मोठे झाल्यावर ते बुजरे आणि घाबरट निघाले. स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूत पोचतानाच गाबा त्याला थोडा दाबतो, तो दाब कमी पडला होता. म्हणजे काही गाळणी मेंदूच्या कितीतरी आधी लागते.

हलका, हलता स्पर्श (कात्रीतून मानेवर पडणारे केस, लेबल, कुणीतरी गालावरून फिरवलेला हात) आणि खोल, स्थिर दाब यांचे मार्ग वेगळे. म्हणून मिठी चालते. केस कापायच्या आधी खांदे आणि डोकं तळव्यांनी घट्ट दाबा, मानेला घट्ट टॉवेल गुंडाळा, केस कोरडेच कापा आणि घरी, आरशासमोर, कात्री कुठे येतेय ते त्याला दिसेल असं. एका बैठकीत अर्धंच डोकं झालं तर अर्धं डोकं घेऊन फिरू द्या. लोक बघतील. बघू दे.

कोकमसार:
ताई, खूप मदत झाली. पॅकेज रद्द केलं. शेवटचं एक: फटाके आणि मिरवणुकीसाठी कानावर लावायचे ते मोठे इअरमफ घ्यावेत का? कुणी म्हणतं त्यांचीच सवय लागेल. आणि मंडळाला काही सांगता येतं का?

निळीशाई:
घ्या. पण दिवसभर नको. कानाला बराच काळ आवाज कमी मिळाला तर ऐकण्याची यंत्रणा आपली संवेदनशीलता वाढवते. नीट ऐकू येणाऱ्या मोठ्या माणसांना काही दिवस इअरप्लग घालायला लावून हे पाहिलेलं आहे. म्हणून मिरवणूक, फटाके, लग्नाचा हॉल, बस, एवढ्यासाठी. आणि काढणं-घालणं तिच्या हातात. तुम्ही अचानक कानावर चढवलेत तर ती नवीन धाड होते.

मंडळाला मिरवणुकीची वेळ आणि मार्ग आधी विचारा, बहुतेक पोरं नीट सांगतात. कायद्याचं विचाराल तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारे फटाके विकायलाच बंदी. तक्रार ११२ वर करता येते. सुटका मात्र त्या रात्री दुसऱ्या टोकाच्या मावशीकडे राहायला जाऊन लवकर होते, हे अनुभवाने सांगते.

उत्तररात्र:
इअरमफचा रंग मुलीलाच निवडू द्या. आणि डोक्यावरची पट्टी किती दाबते ते आधी अर्धा तास घरात घालून बघा. माझे पहिले मफ आवाजासाठी उत्तम होते, पण पट्टी इतकी घट्ट की मी ते भावाच्या वर्कशॉपला देऊन टाकले. ऑनलाइन घेतलेत तर परत करायची मुदत बघून ठेवा.